मांजरांच्या काडेपेट्या

गुरांच्या दवाखान्यात नोकरी केलेल्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. मांजराचे केस धोतराला चिकटतात तसे ते आपोआप चिकटतात, आणि कितीही झटकले तरी चार-दोन राहतातच. लोकांना वाटतं, आमच्याकडे बैलांचे आणि म्हशींचे किस्से असतील. छे! खरी मजा आणली ती मांजरांनी!

निजामाविरुद्धची पोलीस ॲक्शन होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. हुलसूरजवळच्या एका बाजारगावात आमचा दवाखाना होता. मी कंपौंडर. डॉक्टर करीम हैदराबादचे. मराठी ते आमच्यात येऊन शिकले, म्हणून ती त्यांच्या तोंडून दखनीत घोळून यायची. कुठूनतरी त्यांनी एक जुना मायक्रोस्कोप मिळवला होता आणि त्याला ते पोराच्या मायेने जपत.

मांजर आलं की त्यांचे तीन सवाल ठरलेले. "उमर किती? खाती काय? उंदीर मारती का?" त्याशिवाय औषधाची पुडी बांधायची नाही. आणि सोबत मांजराची विष्ठा हवी, ताजी, काडेपेटीत घालून. तिच्यात जंतांची अंडी दिसतात का, ते डॉक्टर मायक्रोस्कोपखाली बघत.

*

एकदा वरचे साहेब तपासणीला आले. खुर्चीवर बसले, आणि पहिलंच वाक्य बोलले, "या गावात मायक्रोस्कोप कशाला पाहिजे? इथं तपासायला आहे काय?"

साहेबांनी सिगारेट ओठात धरली, टेबलावरची काडेपेटी उचलली आणि उघडली.

मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा साहेब खिडकीशी उभे होते आणि डॉक्टर अगदी अदबीने सांगत होते, "हेच, सर. असे रोज चार येतात."

मायक्रोस्कोप आमच्याकडेच राहिला.

*

आमच्या गावात संगप्पांचं ज्वारी-तुरीचं मोठं दुकान होतं. माणूस सज्जन, पण हट्टी. त्यांच्या सुनेने, गौराक्काने, मल्ली नावाची मांजर पाळली होती. लेकरासारखी वाढवली होती तिला. एक दिवस संगप्पा तणतणत आले, मागून मल्लीला पदराखाली घेऊन गौराक्का.

"डाक्टर, ह्या मांजरानं तांदूळ चोरून खाल्ल्यात! शेपटीला दाणे चिकटलेत बघा!"

डॉक्टरांनी शेपटी उचलली. एक दाणा चिमट्यात धरला. दाणा हळूच आखडला आणि लांब झाला.

"तांदूळ न्हाई, शेटजी. चपट्या जंताचा तुकडा हाय."

संगप्पा भडकले. "जंत? आमच्या घरात मांस शिजत न्हाई! लिंगायताघरचं मांजर हाय ते. दूध-भाकर खातंय. जंत कुठनं येतील?"

"तुमच्या दुकानात उंदीर किती?"

"एकबी न्हाई!"

"मंग गेले कुठं?"

संगप्पांनी मल्लीकडे रोखून बघितलं. मग त्यांनी सुनेकडे वळून निकाल दिला. "तीन आठवडी बाजारांची मुदत देतो. तवर ही साफ झाली तर ठीक. न्हाईतर पोत्यात घालून नदीपल्याड सोडून येतो."

गौराक्काचे डोळे भरून आले. नदीपल्याड सोडलेलं मांजर परत आल्याचं गावात कुणी ऐकलं नव्हतं.

*

डॉक्टरांनी पुडी दिली. ती मल्लीला द्यायची कोणी? मी! पोत्यात गुंडाळून फक्त डोकं बाहेर काढलं. पुडी तोंडात टाकली, ती मल्लीने माझ्या चष्म्यावर थुंकली. दुसरी पुडी शर्टावर गेली. तिसरीच्या वेळी पोतं माझ्या हातात राहिलं आणि मल्ली कपाटावर! माझ्या मनगटावर पाच ओरखडे.

गौराक्का हसू दाबत म्हणाली, "कंपौंडरदादा, तुमी कामून कुस्ती खेळायलाव? पुडी तुपात कालवून तिच्या पंजाला लावा की. अंगाला काई लागलेलं तिला खपत न्हाई."

लावलं. मल्लीने पंजा वर धरला, तिरस्काराने बघितलं, आणि सगळं चाटून साफ केलं.

डॉक्टरांनी गौराक्काला चक्क सलाम ठोकला. मला म्हणाले, "शिका!"

*

पुढच्याच बाजाराला शेपटीवर पुन्हा दाणे! तीनातला एक बाजार गेला. संगप्पा पोतं घेऊनच आले होते.

डॉक्टर मल्लीच्या अंगातून बारीक दातांची फणी फिरवू लागले. फणीत आलेली काळी कसपटं त्यांनी ओल्या पांढऱ्या फडक्यावर झटकली. कसपटांभोवती तांबूस डाग फुटले.

"माती न्हाई ही. पिसूची घाण हाय, रगत पिलेल्या पिसूची. मांजर अंग चाटती, पिसू गिळती, पिसूच्या पोटातला जंत तिच्या पोटात जातो. पिसू हायत तवर माझी पुडी फुकट."

"मग हे घ्या की!" म्हणत संगप्पांनी खिशातून पुडकं काढलं. मलेरियावाल्यांनी भिंतींना मारायला आणलेली पावडर होती ती. "चोळा हिच्या अंगाला!"

"नक्को!" डॉक्टर एवढ्याने ओरडले की बाहेर बांधलेला बैल उठून उभा राहिला. "ती चाटंल! पिसूच्या मागं मल्लीबी जाईल!"

"मग दोन्ही कामं एकदम झाली की."

गौराक्काने सासऱ्याच्या हातातून पुडकं काढून घेतलं. तिने सासऱ्याच्या हातातून काही ओढून घेतल्याचं मी तरी प्रथमच पाहिलं!

*

डॉक्टरांनी विचारलं, "मांजर झोपती कुठं?"

गौराक्का खाली बघू लागली. संगप्पा छताकडे बघू लागले. शेवटी मीच सांगितलं, कारण सगळ्या गावाला माहीत होतं. दुपारी दुकानात, गादीवर, संगप्पांच्या मांडीला टेकून!

आम्ही फडकं घेऊन दुकानात गेलो. डॉक्टरांनी गादी झटकली. फडक्यावर डागच डाग.

"हे रगत कुणाचं, शेटजी?"

संगप्पा मान खाजवत म्हणाले, "मांजराचंच असंल."

त्या दिवसापासून गादी उन्हात, खोळ उकळत्या पाण्यात, पोती झाडून बाहेर. मल्लीला रोज फणी, फणीतल्या पिसवा साबणाच्या पाण्यात. पुडी पुन्हा पंजावर. दहा-बारा दिवसांनी मी दुकानावरून जात होतो. गादीवर मल्ली पोट वर करून पडलेली, आणि फणी संगप्पांच्या हातात!

"बाजार जवळ आलाय. तपासून बघायलोय," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

*

तिसरा बाजार. दवाखाना माणसांनी भरला होता. गौराक्का काडेपेटी देऊन दाराशी उभी राहिली. तिच्या कडेवर मल्ली. संगप्पा बाकावर, शेजारी घडी घातलेलं पोतं.

डॉक्टरांनी आधी शेपटी बघितली. मग फणी फिरवून फडकं बघितलं. कोरं! मग मायक्रोस्कोपला डोळा लावला. काच सरकवली. पुन्हा बघितलं.

"साफ! जंत न्हाई, अंडं न्हाई, पिसू न्हाई!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. गौराक्का मल्लीच्या डोक्यावर गाल टेकवून रडली. मीही रडलो, सांगायला लाज कसली. संगप्पांनी पोतं माझ्याकडे फेकलं. "ठेवा तुमच्याकडं. तुमच्या कुस्तीला लागंल!"

हसतखेळत गर्दी पांगली, गौराक्का मल्लीला घेऊन घरी गेली. संगप्पा मात्र बसूनच राहिले. दवाखाना रिकामा झाल्यावर त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून एक काडेपेटी काढली आणि टेबलावर ठेवली.

"हे बी जरा बघा. दुसऱ्या मांजराचं हाय."

डॉक्टरांनी बघितलं. बराच वेळ बघितलं.

"ह्या मांजराला लई जंत हायत, शेटजी. उंदीर मारती का?"

"न्हाई."

"खाती काय?"

"भाकर. पिठलं. आन शेतात गेलं की हरभऱ्याची भाजी, तशीच, न धुता."

डॉक्टरांनी पुडीचा कागद पुढे ओढला, आणि मान वर न करता शेवटचा सवाल विचारला.

"उमर?"

संगप्पांनी बोटांवर हिशेब केला.

"येत्या बसवजयंतीला अडुसष्ट."