कानशीखालचा दाणा

चिंचेनं पितळ घासताना जो आंबट वास सुटतो, तो आला की मला आजही राग येतो. काल माझं शाळेतलं पदक घासायला घेतलं, आणि आलाच.

माझे बाबा देवरीत पदकांचे ठसे कोरायचे. पोलादात सगळं उलटं आणि खोल कोरायचं, म्हणजे पितळेवर ते सुलटं उठतं. प्रत्येक ठशाच्या तळाशी ते धानाचा एक बारीक दाणा कोरत. तीच त्यांची सही. मी दहावीत असताना आमच्या शाळेची पदकं त्यांनीच केली. संस्थेचे सचिव घरी आले आणि पदक डोळ्यांजवळ धरून म्हणाले, "अध्यक्षांच्या नावाखाली हे तुमचं निशाण काऊन?"

"ठशात कोरलेलं बुजत नाही, साहेब."

"मग पदकांवरून घासून टाका. सगळ्या."

बाबा खाली मान घालून कानस चालवत राहिले, मग चिंचेनं पदकं पुन्हा चकचकीत केली. माझ्या डोळ्यांसमोर एकेक दाणा गेला. पुढं धावण्यात मी पहिली आले, आणि तसलंच घासलेलं पदक अध्यक्षांनी माझ्या गळ्यात घातलं. घरी येऊन मी भांडलेच. "बाबा, तुम्ही काऊन काही बोलले नाही?"

"बोलून का होते? ठसा तर माह्याजवळच हाये ना."

तेव्हा मला तो भित्रेपणा वाटला.

आता बाबा नाहीत. पदकावरचे कानशीचे ओरखडे चिंचेनंही जात नाहीत. काल शेवटी मळलेल्या कणकेवर बाबांनी जपून ठेवलेला तो ठसा दाबला. अध्यक्षांचं नाव उठलं, त्याखाली दाणाही उठला, टपोरा.

मग मी अंगठ्यानं अध्यक्षांचं नाव पुसून टाकलं.