दाराआडच्या चार सतरंज्या

मारोतरावांच्या नितेशचा फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर अर्धंच वर केलं होतं. "काका, बाबा गेले," एवढंच तो बोलला. मारोतराव दोन महिने अंथरुणाला खिळलेले होते, तेव्हा बातमी अनपेक्षित नव्हती. तरी मी जे केलं त्याचं माझं मलाच अजून नवल वाटतं... त्यांच्या घराकडे न जाता मी आधी शेजारच्या त्यांच्या दुकानाचं कुलूप उघडलं. त्याची एक किल्ली कित्येक वर्षांपासून माझ्याकडे असते. आत दाराआड फळीवर चार सतरंज्या ठेवलेल्या असतात. त्या न्यायच्या, अंगणात अंथरायच्या, लोक येतील ते बसतील, एवढंच डोक्यात होतं. दार लोटलं तर फळी रिकामी.

सिहोऱ्यात माझं कृषी केंद्र आणि मारोतरावांचं बिछायत केंद्र, मध्ये एक भिंत. लग्नाकार्याला लागणारा मंडप, खुर्च्या, सतरंज्या, स्वयंपाकाची मोठी गंज-पातेली, सगळं त्यांच्याकडून जायचं. "तुमचं बरं आहे, माझं बियाणं विकायला पाऊस लागतो, तुम्हाला नुसता मुहूर्त पुरतो," असं मी चिडवायचो, आणि ते तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत हसायचे. पण त्या चार सतरंज्या धंद्यातल्या नव्हत्या. कोपऱ्यांना निळा दोरा शिवलेल्या त्या सतरंज्या आणि पाण्याचा एक ड्रम, हे सामान फक्त मयतीच्या घरासाठी. गावात कोणी गेलं की बोलावण्याची वाट न पाहता मारोतराव हातठेला ढकलत त्या दारात हजर. जात-मोहल्ला काही विचारायचे नाहीत. सतरंज्या अंथरायच्या, पायानं कोपरे ओढून सरळ करायचे, ड्रम भरायचा, आणि मग स्वतः अगदी कडेला, अर्धे सतरंजीवर अर्धे भुईवर, असे बसायचे. तुमसरच्या बसमधून कोणी बाई रडत उतरली तर तिला घरापर्यंत पोचवायचंही तेच. दिवस झाले की सतरंज्या स्वतः धुऊन, वाळवून पुन्हा फळीवर. ऐन लग्नसराईत बाकी दुकान झाडून रिकामं झालं तरी ती फळी भरलेली असायची. एकदा एक वजनदार पुढारी लेकाच्या लग्नासाठी अडून बसला, त्यालाही हात जोडून म्हणाले, "तेवढ्या सोडून काहीही मागा, जी. लग्नाची तारीख काढता येते. मरण सांगून येते का?"

हे सगळं मला ठाऊक होतं. म्हणूनच पुढचं लिहिताना लाज वाटते.

माझ्या ज्योत्स्नाचं लग्न. आसगावचं वऱ्हाड सांगितल्यापेक्षा दुपटीनं आलं आणि आमची तारांबळ उडाली. मारोतराव कमी पडलेलं सामान आणायला तुमसरला गेलेले. वरपक्षाची माणसं उन्हात उभी, व्याह्यांचा चेहरा उतरत चाललेला... आणि माझ्या खिशात ती किल्ली. तासाभराचा तर प्रश्न आहे, असं मनाला समजावलं आणि दाराआडच्या चारही सतरंज्या आणून मंडपात अंथरल्या. त्याच दुपारी तलावाकडच्या ढिवर मोहल्ल्यात सकूबाईचा नवरा गेला. चांगला धट्टाकट्टा माणूस, सकाळी मासोळ्या विकून आलेला. मारोतराव तुमसरहून परतले ते ही बातमी ऐकूनच, आणि त्यांना फळी रिकामी दिसली.

ते मंडपाच्या दारात येऊन उभे राहिलेले मला दिसले. नवरदेवाचे मित्र त्या निळ्या दोऱ्यांवर पाय पसरून बसले होते. मारोतरावांनी सतरंज्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता चार लोकांत माझी अब्रू काढतात. पण ते पुढे आले, व्याह्यांना रामराम केला आणि मला म्हणाले, "पाव्हण्यांचं जेवण झालं का, हरिभाऊ? वाढाले माणसं कमी असतील तर सांगजा." आणि निघून गेले. माणसानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं!

पुढचं मला नंतर कळलं. ते तसेच घरी गेले आणि वहिनींनी पवनीच्या माहेराहून आणलेली, पेटीत जपून ठेवलेली कोरी सतरंजी काढून त्यांनी ढिवर मोहल्ल्यात अंथरली. ती परत काही आली नाही. वहिनी माझ्याशी दोन महिने बोलल्या नाहीत, आणि त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. मारोतरावांनी मात्र नेहमीसारख्याच सतरंज्या धुऊन फळीवर ठेवल्या. मी मान खाली घालून किल्ली त्यांच्यासमोर ठेवली, तर म्हणाले, "हे कायले? राहू द्या तुमच्याचपाशी. मी गावाले गेलो तर कोण उघडन?"

मी माफी मागितली नाही. आज मागू, उद्या मागू म्हणता म्हणता ज्योत्स्नाची लेकरं मोठ्या शाळेत जाऊ लागली. अखेर जाण्याच्या आठेक दिवस आधी त्यांच्या खाटेशी बसलो होतो, तेव्हा धीर करून म्हणालो, "मारोतराव, त्या लग्नाच्या दिवशी मी..." त्यांनी हात वर केला. आवाज पार खोल गेला होता. "मले माहीत आहे तुम्ही काय म्हणून राहिले ते. किल्ली आहे नं तुमच्यापाशी?" मी म्हटलं, आहे. "मंग झालं तं," म्हणाले आणि डोळे मिटले.

मारोतराव गेले त्या सकाळी रिकामी फळी पाहून मी धावतच त्यांच्या घरी गेलो. नितेश म्हणाला, "काल संध्याकाळी खालच्या मोहल्ल्यातली एक म्हातारी गेली, काका. बाबांनीच मले पाठवलं सतरंज्या घेऊन." मी म्हटलं, "मग जाऊन घेऊन येतो, आपलं घर आहे..." तो बापासारखाच शांतपणे म्हणाला, "नाही, काका. तिथं लोकं बसून आहेत." लग्नसराई होती, दुकानात दुसरं काही नव्हतं. गावभराला बसायला देणाऱ्याच्या अंगणात लोक उभे होते. मी घरून चादरी आणायला वळलो, तेवढ्यात सकूबाई काखेत एक गुंडाळी घेऊन आली. तिनं ती अंगणात उलगडली आणि वहिनी दारातूनच ओळखल्यासारख्या पुढे आल्या. "तुमचीच आहे, बाई," सकूबाई म्हणाली. "त्या दिवशी भाऊ टाकून गेले, मंग नेलीच नाही. म्हणे, ठेव, लेकराले निजवाले होईल. आता ते लेकरू जाळं टाकाले जाते. मी नेऊन द्याले पाहिजे होती, पण देववली नाही." वहिनींनी वाकून किनारीवरून हात फिरवला आणि त्या तिच्या गळ्यात पडल्या. मी बाजूलाच उभा. माझे पाय काही त्या सतरंजीवर पडेनात. "बसा नं जी, भाऊ," सकूबाई मला म्हणाली, "बसासाठीच आणली." तिला काय ठाऊक, ती सतरंजी तिच्या दारी कोणामुळे गेली होती! मी बसलो.

दिवस झाले, आणि नितेशनं चारही सतरंज्या धुऊन पुन्हा दाराआड ठेवल्या. परवा भरदुपारी बसस्टँडमागच्या गल्लीत एक जण गेल्याचं कळलं. नितेश मंडप घालायला शहापूरला गेलेला. मी माझं दुकान तसंच उघडं टाकलं, खिशातून किल्ली काढली आणि त्यांचं कुलूप उघडलं. हातठेला मेला माझ्याच्यानं सरळ चालत नाही, दोनदा नालीत गेला. त्या घरी कोणी काही विचारलं नाही. मी सतरंज्या अंथरल्या, ड्रम भरला. बसणार तोच एका कोपऱ्याला घडी पडलेली दिसली. मारोतराव ओढायचे तशी मी ती पायानं ओढून सरळ केली आणि कडेला बसलो, अर्धा सतरंजीवर, अर्धा भुईवर... आणि मग मला रडू आवरेना. त्या घरच्यांना वाटलं, मी त्यांच्याच माणसासाठी रडतोय. एका बाईनं पाण्याचा पेला आणून माझ्या हातात दिला.