कडुलिंबाखालच्या कुरडया

काल भर दुपारी सोसायटीतला कुत्रा सिमेंटच्या फरशीवर पाय भाजत पळाला आणि कडुलिंबाखाली येऊन धापा टाकत बसला. मला संताप आला, कारण तेच झाड आज तोडायचं ठरलं होतं. सेक्रेटरीचं कारण एकच, "आजी, गाड्यांवर पानं पडतात."

इथे पूर्वी माती होती, तिच्यात ओल होती. ऊन तेच आहे. ते जिथे पडतं ती जमीन आम्ही बदलली. तरुणपणी मी भूगोल शिकवायचे. 'हवा रोजची, हवामान वर्षानुवर्षांचं,' असं छडी आपटून घोकून घ्यायचे, आणि वाऱ्याने अंबाडा विस्कटेल म्हणून वर्गाच्या खिडक्या मात्र बंद. काय ते ज्ञान!

आज सकाळी झाड तोडणारा आला, तेव्हा बुंध्याभोवती जुन्या साड्यांवर माझ्या ओल्या कुरडया पसरलेल्या होत्या. अन्नावर पाय कसा द्यायचा, म्हणून तो कुऱ्हाड घेऊन नुसताच उभा राहिला.

"आजी, उन्हात घाला की. इथे आंबतील," सेक्रेटरी चिडून म्हणाला.

"आंबू देत," मी म्हटलं. "उद्या नव्या घालीन."