साहेबांच्या टेबलावरचा फोन

आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळं देशप्रेम कुणी कुणाला शिकवायची सोय नाही. लढाईचं वातावरण तापलं, सुट्ट्या रद्द झाल्या, आणि धाकट्या दिराच्या लग्नाला आलेला माझा नवरा हळदीच्या दिवशीच परत निघाला. गपगुमान जाऊ द्यावं की नाही? पण आमच्या दिरानं अंगाची हळद वाळायच्या आत स्टँडवर फ्लेक्स लावला. नवरा वर्दीत, मागं रणगाडा, खाली पलटणीचं नाव, कुठं चाललाय त्या ठिकाणाचं नाव, आणि शुभेच्छुक म्हणून गल्लीतल्या पोरांचे फोटो. गॉगल लावलेले. हलगी लावून मिरवणूक काढली, तिचा व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर फिरला. मीही स्टेटसला ठेवला, खोटं कशाला बोलू.

मी मूळची जतकडची. तिकडं पाण्याचा टँकर कधी येणार हे शेजारच्या वस्तीला कळू देत नाहीत. इकडं अख्खी पलटण कुठं चाललीय ते स्टँडवर टांगतात. मी दिराला म्हटलं, "भावजी, शत्रूला पत्रिका पाठवायची तेवढी राहिली."

"वैनी, तुमाला कशाचं कौतुकच न्हाई," तो म्हणाला.

त्यामुळं पोलीस घरी आले तेव्हा मला त्यांचं काही चुकलं असं वाटलं नाही. फौजेच्या हालचाली कुठं टाकू नका, असं टीव्हीवर सारखं सांगत होते. त्यांनी फ्लेक्स उतरवला, बरं केलं. दिराला दम भरला, तेही बरं केलं, घरात ते कुणाला जमलं नव्हतं. मग त्याचा फोन घेतला आणि माझाही मागितला. वर लॉक कसं उघडतं तेही विचारलं. कागद नाही, पावती नाही. "दे गं, पोलीस हायत," सासूबाई म्हणाल्या. दिला. पण निघाल्यापासून नवऱ्याचा एकही फोन आला नव्हता. तिकडून कधी आणि कुठल्या नंबरवरून येईल याचा नेम नसतो, आणि येणार तो त्याच फोनवर. बातम्या लागल्या की मी टीव्हीसमोरनं हलत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी तालुक्याला ठाण्यात गेले. साहेब माझाच फोन चाळत बसलेले. व्हिडिओ कधीच पुसून झाला होता. आता नवऱ्यानं मला पाठवलेले मेसेज चालले होते, पार लग्न ठरल्यापासूनचे, आणि साहेब गालातल्या गालात हसत होते. माझं डोकंच फिरलं.

"साहेब, त्यात कुठं पलटण दिसली का?"

"वहिनी, देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. सगळं बघावं लागतं."

"फ्लेक्स फाडा, व्हिडिओ पुसा, आमी कुठं न्हाई म्हटलं? पण नवरा-बायकोचं बोलणं उकरून कुठला शत्रू घावतोय, तेवढं सांगा."

"लढाईच्या काळात असले हक्क मागायचे नसतात."

"लढाईवर आमच्या घरचा माणूस गेलाय, साहेब. तुमी हितं पंख्याखाली बसलाय."

बाजूचा हवालदार खोकला. तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर. मी हात पुढं केला, तर साहेबांनी फोन उचलून स्पीकरवर टाकला आणि आपणच "हॅलो" म्हणाले.

पलीकडं माझा नवरा. तो आवाज ऐकला आणि मी बाकड्यावर बसले. बायकोच्या फोनवर परका पुरुष म्हटल्यावर दुसऱ्या कुणी आधी शिवी हासडली असती. साहेबांनी आपला हुद्दा सांगितला, आणि आमचा गडी तिकडं बहुतेक टाचा जुळवून उभा राहिला.

"जय हिंद, साहेब."

मग सुरू झालं. भाऊ अडाणी हाय साहेब, चूक झाली साहेब, मिसेस जरा फटकळ हाय, मनावर घेऊ नका साहेब. साहेब लय खूश. भरती कधी झालात, घरचा ऊस किती, आमचा मेव्हणाही फौजेतच असतो, एकेक निघत गेलं. मी मधेच टेबलावर वाकून म्हटलं, "आवं, मी हितंच हाय."

"थांब गं, साहेब बोलत्यात," नवरा म्हणाला, आणि लाईन गेली.

साहेबांनी फोन लगेच माझ्या हातात दिला. "फार शिस्तीचे आहेत तुमचे मिस्टर. जा, आता काही अडचण नाही." मी तिथंच उभ्या उभ्या तो नंबर पुन्हा पुन्हा लावला. लागला नाही. त्या दिवशी मला साहेबांचा जेवढा राग आला, त्याहून जास्त नवऱ्याचा आला.

घरी पोचले तर सासूबाई दारातच उभ्या. "फोन आल्ता का गं त्याचा?"

"आल्ता."

"काय म्हणला?"

"बरा हाय म्हणला," मी सांगितलं. ते त्याला कुणी विचारलंच नव्हतं.