नियर साइड म्हणजे जवळची बाजू

माणूस जनावरापासून वेगळा झाला तो चाकामुळे, असं माझं एकेकाळी ठाम मत होतं. जुन्नरच्या वाचनालयात मी त्यावर व्याख्यानही दिलं होतं. (श्रोते सात. त्यांतले दोघे कुलूप लावायला थांबलेले.)

त्याच सुमारास मी मायदेशी निघालेल्या एका साहेबाची दोन माणसांची स्पोर्ट्स गाडी घेतली. बायकोच्या माहेरी, डिंगोऱ्याला जाताना ती खिंडीत दोनदा बसली आणि दोन्ही वेळा सासऱ्यांना बैल पाठवावे लागले. दुसऱ्या खेपेला सुमन माहेरीच राहिली.

"गाडी दारात आपल्या चाकांवर आली, तर तिच्यातून येईन," तिनं निरोप धाडला. "पुन्हा बैल लागले, तर मी बैलगाडीत बसेन. तुम्ही बसा तुमच्या गाडीत."

एका इंग्रजी मासिकात मी वाचलं की चाकं हलकी केली की गाडी चढाला दमत नाही. लगेच मुंबईच्या एका शर्यतवाल्याकडून ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची चार चाकं मागवली. बरोबर ती ज्यांवर बसवायची ते तुंबे, आणि तुंब्यांवर फिरवायचे मोठे कानवाले नट. बसवायला बोलावलं हुसेनभाईंना. जुन्नरात जे जे फिरतं आणि बंद पडतं, ते त्यांच्याकडे जाई.

त्यांनी चाकावर टिचकी मारली. "वकीलसाहेब, हे तर जर्मल."

"जर्मल नाही. मिश्रधातू. विलायती."

"आमच्या घरी याची पातेली आहेत."

"हुसेनभाई, विमानं याच धातूची असतात."

"असतील. विमानाला डिंगोऱ्याच्या रस्त्यानं जावं लागत न्हाई."

मग त्यांनी तुंबे आणि नट निरखून दोन ढीग केले. "ह्यांचे आटे सुलटे, त्यांचे उलटे. सुलटे डावीकडं, उलटे उजवीकडं. म्हंजे चाक फिरेल तसा नट आवळतो."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण नटांवर इंग्रजी अक्षरं होती, आणि इंग्रजी दिसलं की मला राहवत नाही. सुलट्यांवर 'नियर साइड', उलट्यांवर 'ऑफ साइड'.

"नियर म्हणजे जवळची बाजू," मी समजावलं. "ड्रायव्हर बसतो उजवीकडे. म्हणजे त्याला जवळची बाजू उजवी. सुलटे उजवीकडे लावा." (जवळची म्हणजे रस्त्याच्या कडेजवळची, डावी, हे मला पुढे कळलं.)

"आटे तसं म्हणत न्हाईत."

"आटे अशिक्षित आहेत, हुसेनभाई."

त्यांनी मी सांगितलं तसं बसवलं, आणि जाताना साहेबाची जुनी चाकं ओट्यावर नीट रचून ठेवली. "हाताशी असू द्या."

खिंड गाडीनं एका दमात चढली. उतारावरून डिंगोरं दिसलं, सासऱ्यांचं अंगण दिसलं. तेवढ्यात माझ्यापुढे एक चकचकीत चाक एकटंच धावताना दिसलं. काय डौल आहे, असं मनात आलं. मग गाडीनं उजवा खांदा टाकला.

चाक वळणावर वळलं नाही. बांधावरून उडी मारून, कांद्याच्या वावरातून ते थेट सासऱ्यांच्या अंगणात जाऊन आडवं झालं.

"चाक आलं," सुमन म्हणाली म्हणे. "आता गाडीची वाट बघू."

सासरे चाक खांद्यावर टाकून आले. मागे बैल. निसटलेला नट तोवर मला रस्त्यात सापडला होता. "पावणं, लई हलकं हाय बगा," ते कौतुकानं म्हणाले. मग दुसऱ्या चाकाचा नट त्यांनी दोन बोटांनी फिरवून पाहिला. "ह्ये बी सैल. कुणी बशिवलं?"

"हुसेनभाईंनी." (हे खोटं नव्हतं.)

"हुसेनभाईनं? मंग त्याला कुणीतरी शिकल्याल्यानं सांगितलं आसंल."

सुमन शब्दाची पक्की. नियर साइडची हकीगत माझ्याकडून वदवून घेऊन ती वडिलांच्या बैलगाडीत बसून जुन्नरला आली. मागे दोरानं बांधलेल्या गाडीत स्टिअरिंग धरून मी. दर फर्लांगाला खाली उतरून चारही नट आवळावे लागत. तेवढा वेळ ती बैल थांबवायला लावी आणि पुढून विचारी, "अहो, जवळची बाजू झाली का?"

वाटेत बघायला दुसरं काही नव्हतं, म्हणून मी बैलगाडीचं चाक नीट पाहिलं. त्याला नट नसतो. एक लोखंडी खीळ असते, आणि तिच्यावर कुठल्याच भाषेत काही लिहिलेलं नसतं.