किशनच्या खिशातले फ्यूज

नको म्हटलं तरी ऐकत नाहीत. बोरीच्या हॉटेलात चहा पुढं सरकवतात अन् म्हणतात, "आबा, लाइनीवरचं सांगा की." मी चौथीत शाळा सोडलेला लाइनमन, कीर्तनकार नव्हे. पण खांबावर जन्म काढला की किस्से साचतात, पिशवीत तारेचे तुकडे साचतात तसे. फेकवतही नाहीत.

*

विजेचं बोर्ड होतं तेव्हा मी अन् किशन जोडीला. मी खांबावर चढायचो. तो डीपीचे फ्यूज काढून खिशात घालायचा अन् खाली थांबायचा. फ्यूज त्याच्या खिशात, म्हणजे माझा जीव त्याच्या खिशात. परवानगीचं कागदबिगद काही नव्हतं.

एकदा ताडकळसच्या बाजारादिवशी काम उरकून मी पलीकडून उतरलो अन् भज्याच्या गाड्यावर बसलो. इकडं गिरणीवाला किशनच्या मागं लागला, "फ्यूज लाव, दळण अडकलंय."

किशन म्हणाला, "आधी तो मला दाखवा."

निम्मा बाजार मला हुडकत फिरला. धरून नेलं त्याच्यापुढं. त्यानं मला वरून खालपर्यंत पाहिलं, माझ्या हातातलं भजं घेऊन खाल्लं, मग फ्यूज लावले.

*

पुढं बोर्ड फोडलं. वीज तयार करणारी कंपनी वेगळी, मोठ्या लाइनीची वेगळी, घरोघर देणारी वेगळी. येलदरी धरणाचं पाणी तेच, तारा त्याच, पाट्या तेवढ्या बदलल्या. किशन मोठ्या लाइनीकडं गेला, मी घरोघरच्या.

पहिल्यांदाच त्याच्या सबस्टेशनला गेलो अन् म्हटलं, "किशन, लाइन बंद कर, चढायचंय."

माझ्याकडं न बघता म्हणाला, "कागद हाय का?"

वाटलं, चेष्टा करायलाय. मागं त्याचा साहेब उभा होता. मी गेलो, कागद आणला. तवापासून त्याच्या घरचा चहा प्यालो नाही.

*

परवा ग्रामसभेत एक साहेब सांगत होता, "उद्या तुम्ही विजेची कंपनी निवडाल, मोबाइलसारखी. स्पर्धा होईल."

आमच्या गल्लीतल्या पारूबाई उठल्या. "साहेब, तारा किती येतील?"

"तार एकच."

"मग निवडायचं काय?"

"बिल कुणाचं घ्यायचं, ते."

पारूबाई खाली बसल्या. "म्हंजी नवरा त्योच, आडनाव तेवढं बदलायचं."

*

ह्याच पारूबाईंनी एकदा लाइट गेली म्हणून तक्रारीचा नंबर लावला. पोरगी कुठल्या शहरातून बोलत होती देव जाणे. बाईंनी विचारलं, "तुज्याकडं हाय का गं लाइट?"

"आहे ना आजी."

"मग निवांत जेव बाई. आमचं आमी बघतो."

*

आता आम्ही दोघंही रिटायर. ह्या उन्हाळ्यात गावाच्या पाण्याच्या मोटारीची तार तुटली. लाइनीचं काम आता ठेकेदाराकडं, त्याची माणसं जिंतूरकडं अडकलेली. बाया रिकाम्या घागरी घेऊन माझ्या दारात. मी फ्यूज काढून डीपीच्या ओट्यावर ठेवले अन् चढलो. गुडघे लय कुरकुरले. वरून बघतो तर ओट्यावर फ्यूज नाहीत. खाली किशन उभा, खिशावर हात ठेवून.

तेवढ्यात ठेकेदाराचा सुपरवायझर गाडीवरून उतरला. "कोण चढलंय वर? कागद हाय का?"

किशन म्हणाला, "कागद कशाला लागतो? वर माजा मानूस हाय."

मी तार जोडून उतरलो. त्यानं मला वरून खालपर्यंत पाहिलं, मग फ्यूज लावले.

लोक म्हणतात, मिटलं आता. काय मिटलं? ते त्यानं सुपरवायझरला सांगितलं, मला नाही. माझी माफी मागायची राहिलेला माणूस एकच, किशन धोंडिबा, मुक्काम बोरी.