अष्टमीच्या दुपारचा कबुलीजबाब

रविवारची ती दुपार अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही. पोलिसात मी वीसच्या वर वर्षं काढली. बुडालेली, जळालेली, रुळावर तुटलेली माणसं पाहिली आणि घरी येऊन जेवले. पण धक्का म्हणतात तो मला ठाण्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये बसला, कॉलेजातल्या एका मुलाचा निबंध ऐकताना. नावं कोणाचीच लिहीत नाही. गावाचंही नाही.

मी मूळची साताऱ्याकडची, चौथी पास. फाळणीनंतर कल्याणजवळ निर्वासितांची छावणी उभी राहिली. तिथे बायकांच्या झडत्या पुरुष शिपायांनी घेणं बरं दिसेना, म्हणून आम्हा चार-दोन बायकांना पोलिसात घेतलं. काम काय, तर झडती घ्यायची, बाई आरोपी असली की लॉकअपपाशी बसायचं, तिला कोर्टात न्यायचं-आणायचं. पुढे फौजदारांच्या लक्षात आलं की बायका माझ्याशी बोलतात. मग कुठेही बाई आरोपी असली की मला बोलावणं येऊ लागलं.

मुंबईच्या एका कॉलेजच्या मुलांनी ‘समाज, गुन्हा आणि शिक्षा’ असा परिसंवाद ठेवला होता. बरीच मुलं ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडची, म्हणून तो ठाण्यात. पोलिसांतर्फे कोणी बोलावं असं पत्र आलं. फौजदार म्हणाले, “बाई, तुम्हीच जा.”

“मी चौथी पास. तिथे काय बोलू?”

“करता ते सांगा. इंग्रजी झाडू नका म्हणजे झालं.”

गेले. मुलं-मुली वह्या घेऊन बसलेली. मी सांगितलं की मारून काढलेली कबुली टिकत नाही, बाईला बोलतं करावं लागतं. आणि दाखला म्हणून पाच वर्षांपूर्वीचा माझाच एक खटला सांगितला.

खाडीकाठच्या मिठागराच्या गावात एक म्हातारी नाहीशी झाली होती. तिसऱ्या दिवशी तिवरांच्या झाडीत तिचं प्रेत सापडलं. डॉक्टरांनी बुडून मेली असं लिहिलं, वेळ मात्र त्यांना सांगता आली नाही. मग मिठाच्या राशींवरच्या राखणदारानं येऊन खबर दिली. म्हातारी नाहीशी झाली त्या दिवशी दुपारी बांधावर सासू-सुनेचं जोरात भांडण झालं होतं आणि सून “बुडून मर एकदाची” असं ओरडली होती. सुनेला पोलीस ठाण्यात आणलं. वय विशीच्या आसपास, घरी तीन वर्षांची मुलगी. दोन दिवस जमादारानं आरडाओरडा केला, ती भिंतीकडे तोंड करून बसली. तिसऱ्या दिवशी मी जवळ बसले, तिला भाकरी दिली, तिच्या मुलीचं विचारलं. संध्याकाळी ती बोलली. मॅजिस्ट्रेटसमोरही तेच बोलली. “दुपारी बाराच्या सुमाराला मी सासूला भाकरी घेऊन गेले, आमचं भांडण झालं, मी तिला बांधावरून खाडीत ढकललं, ती बुडाली.” वय पाहून फाशी टळली, जन्मठेप झाली.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

पुढचा निबंध एका उंच, सावळ्या मुलाचा होता. तो खाडीकाठचा, मिठागरात राबणाऱ्या घरातला, कॉलेजात गेलेला घरातला पहिलाच. त्यांचे प्राध्यापक पूर्वी वकिली करत. त्यांनी निकाली खटल्यांच्या नकला मिळवून, नावं खोडून, एकेका मुलाला एकेक दिली होती. मुलगा उभा राहिला, पण कागद उघडेना.

“सर, बाई बोलल्या तोच खटला माझ्याकडे आहे.”

“मग वाच.”

“त्यांच्यासमोर?”

मागून कोणी म्हणालं, “वाच रे, लगेच आत नाही टाकत त्या.” हॉल हसला. मीही हसले.

मुलगा माझ्याकडे वळला. “बाई, आधी एक विचारू? त्या दिवशी तिथी कुठली होती?”

“तिथी भटजींना विचार. पोलिसात तारीख लिहितात.”

पुन्हा हशा. तो हसला नाही. “तारखेवरून मी पंचांग पाहिलं,” तो म्हणाला. “अष्टमी होती. आमच्याकडे अमावास्या-पौर्णिमेला दुपारी बाराच्या पुढेमागे भरती येते. मग ती रोज थोडी उशिरा येते. अष्टमीपर्यंत संध्याकाळवर जाते. म्हणजे अष्टमीला दुपारी ओहोटी. त्या बांधाखाली तेव्हा पाणी नसतं, चिखल असतो. मी जाऊन उभा राहून पाहिलं, सलग दोन अष्टम्यांना. म्हातारीला तिथे ढकललं असतं तर ती चिखलात बसली असती, सुनेच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या आणि उठून घरी आली असती.”

एकदोघं हसली. मग हसू थांबलं.

पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, “अरे, पण तिनं कबूल केलंय ना?”

“केलंय. जे होऊच शकत नाही ते कबूल केलंय. का केलं, ते मला कळलं नाही. निबंधात तेवढी जागा मी कोरी ठेवली आहे.”

माझ्या हातात चहाचा कप होता. तो खाली ठेवायचं मला सुचेना. ती कोरी जागा मला भरता येत होती, म्हणून.

लॉकअपमध्ये त्या तिसऱ्या दिवशी काय झालं ते मी भाषणात सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं मला वाटतच नव्हतं. मी तिला म्हटलं होतं, “दुपारी बारा वाजता ना?” ती गप्प. “भाकरी घेऊन गेलीस, भांडण झालं, ढकललंस. रागात होतं माणसाच्या हातून. साहेबासमोर एवढं सांग, म्हणजे पोरीकडे जाशील. नाही सांगितलंस तर उद्या नवऱ्यालाही आणतील, मग पोरीला कोण?” ती “व्हय” म्हणाली. तिनंच केलंय याची मला खात्री होती. खात्री होती म्हणून खोटं आमिष दाखवताना काही वाटलं नाही. वेळ मी सांगितली, जागा मी सांगितली, ढकललं हा शब्दही माझा. तिचा फक्त “व्हय”.

मी घाटावरची. नदीचं पाणी एकाच बाजूला जातं एवढं मला माहीत. खाडीचं पाणी दिवसातून दोनदा येतं-जातं हे ऐकलं होतं, पण त्याला तिथीचा हिशेब आहे हे मला, जमादाराला, फौजदारांना, कोणालाच कळलेलं नव्हतं. गावातल्या लहान पोरालाही ते माहीत होतं. त्याला आम्ही विचारलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर मी प्राध्यापकांना बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, “हे लिहून द्याल?”

“आधी तिला भेटते,” मी म्हटलं.

फौजदारांना सांगितलं तर ते वैतागले. “बाई, निकाल लागलाय, अपील फेटाळलंय. आता पोरांच्या निबंधावर खटले चालवायचे का?”

“साहेब, बाराला पाणी नव्हतं.”

“मग संध्याकाळी ढकललं असेल.”

“तसं असेल तर तसं. पण विचारलं कुठे आपण?”

येरवड्याला भेट मिळायला महिना गेला. जाळीच्या पलीकडे ती आली तेव्हा ओळखली नाही. केस कापलेले, हातापायाच्या काड्या. तिनं मात्र मला ओळखलं. मी सरळ विचारलं, “अष्टमीला दुपारी खाडीत पाणी नसतं हे तुला माहीत होतं?”

ती माझ्याकडे वेड्या माणसाकडे पाहावं तशी पाहू लागली. “ह्या कुनाला ठावं नाय?”

“मग तू साहेबासमोर तसं का सांगितलंस?”

“तुमीच बोल्लात, सांग म्हनून. मना वाटला, मी सांगीन आनि सायबाला कलंल. एवरा मोठा सायेब, त्याला कलंल ना, बाराला पानी नाय, म्हंजे ही खोटा बोलते, हिला बोलवून घेतलंय. मंग तो सोरंल मना. त्यानं लिवून घेतला. मी वाट बघित व्हती, तो कवा ईचारतो.”

पाच वर्षं ती वाट पाहत होती की कोणीतरी विचारेल.

परत येताना मी कल्याणला उतरलेच नाही, तशीच पुढे ठाण्याला आणि तिथून त्या गावात गेले. या वेळी मी दुपारचं विचारलं नाही. त्या दिवशी संध्याकाळी कोण कुठे होतं, एवढंच विचारलं आणि गप्प बसले. शेजारच्या घरी तेव्हा हळद होती. सून दिवे लागायच्या आधीपासून रात्रीचं जेवण होईपर्यंत तिथे बायकांबरोबर भाकऱ्या थापत होती. पंधरा-वीस बायकांनी पाहिलेली. आणि एका म्हाताऱ्यानं तिन्हीसांजेला सासूला जिवंत पाहिलं होतं. पाटी घेऊन ती उघाडीकडे चालली होती. उघाडी म्हणजे मिठागरात खाडीचं पाणी घेण्याची फळ्यांची मोरी. भरतीला तिथे खाडीचे खेकडे, चिंबोऱ्या, येतात, म्हातारी त्या धरायला रोज जायची. फळ्यांवर शेवाळ असतं. भरतीला पाण्याची ओढ मोठी असते.

म्हणजे म्हातारी पाय घसरून पडली असणार, कोणी ढकललंच नव्हतं. गुन्हाच झाला नव्हता. तपास, कबुली, खटला, शिक्षा सगळं झालं होतं, फक्त गुन्हा नव्हता.

मी म्हाताऱ्यावर ओरडले. “हे तेव्हा का नाही सांगितलंत?”

तो शांतपणे विडी पेटवत म्हणाला, “बाय, तुमचा जमादार आलता. बोल्ला, दुपारी म्हातारीला बघली का? मी बोल्लो, नाय. खराच नाय बघली. तो बोल्ला, जा.”

“आणि कोर्टात?”

“कोरटान ईचारला, सासू-सुना भांडत का? बोल्लो, भांडत. बाकी सगला इंग्रजीन चालला व्हता.” मग माझ्याकडे पाहून म्हणाला, “तुमाला तरी काय ठावं व्हता?”

मी कल्याणला परतले.

मी जबाब लिहून दिला. माझ्याच हातानं, दीड पान. वेळ आणि जागा मी सुचवली, सोडण्याचं आमिष मी दाखवलं, नवऱ्याची भीती मी घातली. लिहायला बसले तेव्हा जमादार, तो तोवर माझ्याशी बोलायचा बंद झाला होता, दारातून म्हणाला, “स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय बाई. आणि आमच्याही.” मी लिहीत राहिले. प्राध्यापकांनी त्या मुलाचा निबंध, गावकऱ्यांचे जबाब आणि माझा कागद लावून सरकारकडे अर्ज केला. वर्षभरानं ती सुटली. माझी चौकशी झाली. ताकीद मिळाली आणि हवालदारीची फीत पुढे ढकलली गेली.

या खटल्यानं मी शिकले ते एवढंच. उत्तर घेऊन प्रश्न विचारला की तेच उत्तर परत मिळतं. त्यानंतर आरोपी बाईसमोर बसले की मी “मग काय झालं?” एवढंच म्हणायची आणि गप्प राहायची. गप्प राहणं मारण्यापेक्षा अवघड आहे. पुढे नव्या बायका भरती झाल्या, त्यांना मी हेच शिकवलं. मारहाण करणाऱ्याला निदान आपण मारतोय हे ठाऊक असतं. मी तर भाकरी देत होते.

सुटल्यावर काही महिन्यांनी ती कल्याणला पोलीस लाइनीत माझ्या खोलीवर आली. नवऱ्यानं दुसरी केली होती, ती बहिणीकडे राहत होती. बरोबर मुलगी होती, नऊ वर्षांची, दोन वेण्या घातलेली, आईपासून हातभर लांब उभी. दोघींनी चहा घेतला नाही.

“सरकारनं मना माफ केला म्हनतात,” ती म्हणाली. “कागदान तसा लिवलाय. गावची मानसा बोलतात, माफ केला म्हंजे केलता तवाच ना. पोरगी पन तेच बोलते. मी काय केला व्हता, बाय, जे माफ केला?”

सरकारी कागद मला बदलता येत नव्हता.

“तुमी लिवून द्या,” ती म्हणाली. “तुमचे हातचा.”

मी मुलीच्याच वहीतलं पान घेतलं. या बाईने काहीही केलेले नाही, कबुली मी खोटी बोलून घेतली, असं लिहिलं. खाली सही केली आणि पट्ट्याचा नंबर घातला. शिक्का माझ्याकडे नव्हता. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून मी मोठ्यानं वाचू लागले, तर मुलीनं हात पुढे केला आणि कागद घेतला. ती शाळेत जात होती. ओठ हलवत तिनं तो स्वतः वाचला, मग पहिल्यापासून पुन्हा वाचला. नीट घडी करून आईच्या हातात दिला.

मग माझ्याकडे पाहून तिनं विचारलं, “मग तुम्हाला काय शिक्षा झाली?”

“हवालदारीची फीत दोन वर्षं उशिरा मिळणार,” मी म्हटलं. तेवढीच झाली होती, म्हणून तेवढीच सांगितली.